मानकऱ्याच्या घरचा उजेड

लंकाबाईंचा शब्द खाली पडला, असे अवसरी बुद्रुकच्या त्या मळ्यात कधी घडले नव्हते. धरणात गाव गेले तेव्हा गुरे, भांडीकुंडी आणि सासूबाई यांना घेऊन त्याच पुढे निघाल्या होत्या, आणि बाळासाहेब मागे वळून वळून पाहत चालले होते. नव्या जागी विहीर कुठे खणायची, लेकी कोणत्या घरी द्यायच्या, द्राक्षाची बाग राखायची की मोडायची, हे सारे लंकाबाईंनी ठरवले. नवऱ्याने कशालाही हरकत घेतली नाही. स्वतःचे म्हणून त्यांनी एकच राखले होते, पहिल्या आरतीचा मान.

डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या त्यांच्या वाडीचे भैरवनाथाचे देऊळ मे महिन्यात, पाणी उतरले की, गाळातून वर येई. मंचर, चाकण, मुंबई अशी चहूकडे पांगलेली वाडीची माणसे त्या एका दिवशी तेथे जमत, देव धूत आणि आरती करत. पहिली आरती बाळासाहेबांच्या घराची. रीत कडक होती. बाप हयात असेतो मुलाने ताटाला हात लावायचा नाही, आणि एकदा ओवाळायला सुरुवात झाली की पाचवी फेरी ज्याच्या हातून पुरी होईल, त्याच्या घराकडे मान जायचा.

पण बाळासाहेबांची फुप्फुसे आखडत चालली होती. नाकात नळी, नळीच्या टोकाला ऑक्सिजनचे यंत्र, आणि यंत्राला अखंड वीज, एवढ्यावर त्यांचा जीव तोलला होता. गेली काही वर्षे ते देवळापाशी जाऊ शकले नव्हते. लोकांनी तितकी वर्षे मान रिकामा ठेवला. यंदा मात्र चुलतभाऊ चांगदेव यांचा फोन आला.

"वैनी, समद्यांनी बैठकीत ठरीवलं. औंदा दादा आला न्हाई तर ताट माझ्या हाती देणार. मी नगं म्हणलो. पर माझं कोण ऐकतंय?"

"ऐकायची गरजच न्हाई, भाऊजी. हे येणार हाईत."

पलंगावरून बाळासाहेबांनी ते ऐकले. त्यांनी हाताने गाल चोळला आणि दाढीचे सामान मागितले. कित्येक आठवड्यांत त्यांनी आपणहून काही मागितले नव्हते.

येणार असे सांगून झाले. न्यायचे कसे, हे आता ठरवायचे होते. गोठ्याशेजारी एक चाकावरची खोली धूळ खात उभी होती. धाकटा गोकुळ पिकअपमधून नारायणगावला टोमॅटो पोचवी. माळशेजला येणाऱ्या पर्यटकांना भाड्याने द्यावी म्हणून त्याने ती गाडीमागे ओढायची खोली पुण्याच्या एका माणसाकडून जुनी विकत घेतली होती. आत दोन बाके, शेगडी, पंखा, दिवा. पर्यटक काही फिरकले नाहीत. लंकाबाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि फर्मावले, "हिच्यात मशीन बसव."

मशीन बसले, पण खोलीतल्या दोन जुन्या बॅटऱ्यांवर ते तासाभरातच मान टाकू लागले. तेव्हा गोकुळने आपला शाळासोबती समाधान याला बोलावले. तो घरोघर सोलर बसवून देई.

"काकू, ह्या दोन म्हाताऱ्या काढून टाकू," बॅटऱ्यांवर टिचकी मारत समाधान म्हणाला. "दम राह्यला न्हाई त्यांच्यात."

"म्हाताऱ्यांना घालवायची लई घाई झालीया तुमाला."

गोकुळ खो खो हसला. आईच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने हसू गिळले.

दोन दिवस अंगणात वायरींचा पसारा पडला. समाधानने जुन्या बॅटऱ्यांच्या जागी एक मोठी लिथियमची बॅटरी बसवली. आधी पिकअपच्या मागच्या दिव्याच्या बारीक वायरीवर खोलीची बॅटरी कशीबशी भरत असे. आता बोटाएवढी जाड केबल आली आणि मध्ये निराळा चार्जर आला. छतावर सोलरचे पॅनेल चढले. घरी असताना घरची वीज, वाटेत पिकअपचे इंजिन, आणि उभे असताना ऊन, अशा तीन वाटांनी बॅटरी भरणार होती.

"निस्ती चावी फिरवून भागायचं न्हाई बरं का," समाधानने बजावले. "इंजिन चालू आसंल तरच चार्जिंग. आन् हा मीटर. किती टक्के उरलं ते दावतो. हितं दाराशी लावतो, येता-जाता दिसंल."

दाराशी भैरवनाथाची तसबीर होती. लंकाबाई म्हणाल्या, "देवाच्या शेजारी भोक पाडायचं न्हाई." मीटर आतल्या कपाटात गेला.

"मग कपाट उघडून बघत जावा. दिव्यावर जाऊ नगा, काकू. जुनी बॅटरी सरत आली की दिवा पिवळा पडायचा, सांगून जायची. ही सांगत न्हाई. शेवटपोत्तर पांढरा उजेड, आन् मग एकदम बंद. त्यात वरनं आकडा शून्यावर गेला तर ती झोपती. घरच्या चार्जरवर नेल्याबिगर उठत न्हाई."

"ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या बघण्यात माझे केस पांढरे झाले, पोरा. उजेड बघून बॅटरी कळंना, तर डोळे कशाला दिलेत?"

समाधानने गोकुळकडे पाहिले. गोकुळने खांदे उडवले. त्या घरात याहून जास्त कोणी बोलत नसे.

चाचणी झाली. सकाळी लावलेले यंत्र दुपार कलेपर्यंत धाप न घेता चालले. बाळासाहेब खोलीतल्या बाकावर खिडकीशी बसून होते. श्वास जमवून त्यांनी विचारले, "पायऱ्या... दिसाय लागल्या का?"

"पायऱ्या काय, आख्खं देऊळ वर आलंय, आबा!" गोकुळ म्हणाला. बाळासाहेब मान डोलावत राहिले.

ठरल्या दिवशी घोडेगाव मागे टाकून पिकअप खोलीला ओढत धरणाच्या काठाने उतरली. तळ उघडा पडला होता. भेगाळलेल्या गाळावरून गाडी गोगलगाईसारखी देवळापर्यंत गेली. लंकाबाईंनी यंत्र पडद्याआड लपवले होते. खिडकीतून आलेली नळी उपरण्याखालून वर घेतली होती. मानकरी देवापुढे दवाखाना घेऊन आला, असे कोणी म्हणता कामा नये. ऑक्सिजनचे लहान नळकांडेही त्यांनी घरीच ठेवायला सांगितले होते.

चांगदेव धावत आले आणि थोरल्या भावाच्या पायावर डोके ठेवून हमसून रडले. "आलास, दादा! माझ्या उरावरचा धोंडा उतरला बघ."

बाळासाहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या हाताने ते देवळाच्या उजवीकडे दाखवत होते. तेथे नुसता गाळ होता. त्यांचे घर तेथे होते.

ऊन चढू लागले. देवळापुढे कापडी मांडव घातला होता. लंकाबाईंनी खोली मांडवाखाली घ्यायला लावली.

"आई, पॅनेलला ऊन पायजेल," गोकुळ म्हणाला.

"माणसाला सावली पायजेल."

खोली सावलीत गेली. पिकअपचे इंजिन घुरघुरत होते. देवासमोर ते घुरघुरणे लंकाबाईंना सोसवेना. त्यांनी तेही बंद करवले. "भरून आणलीय ना तुझी बॅटरी? मग."

एवढ्यावर निभावले असते. पण जनरेटर आणणारा माणूस वाटेत अडकला. ध्वनिक्षेपक मुका, पंखे थंड, आणि देव धुण्यासाठी पाणी खेचायची लहान मोटर नुसतीच पडून. मुंबईहून आलेल्या एकाने उपरण्याने वारा घेत टोला मारला, "मानकऱ्यांच्या गाडीत लाईट लखलखतीया, आन् आमी बिनपाण्याची आंगूळ करतोय राव!"

लोक हसले. लंकाबाईंच्या कानशिलावर शीर उठली. या घराने एकेकाळी साऱ्या वाडीला पंगत घातली होती.

"वायर आणा," त्या म्हणाल्या. "मानकरी उभा आसताना देवाचं काय अडायचं न्हाई."

गोकुळने त्यांना बाजूला घेतले. "आई, ती आबांची हाय. सगळ्यांना पुरायची न्हाई."

"चारचौघांत माझा हात आखडायला लावू नगंस. जोड."

त्याने जोडली. मोटर खडखडली, देवावरचा गाळ ओघळला, पंखे फिरले आणि भजनाचा आवाज तळभर घुमला. "व्वा, वैनी! मानकऱ्याच्या घरचा उजेड!" चांगदेव कौतुकाने म्हणाले. लंकाबाईंनी पदर सावरला. कित्येक वर्षांत त्यांना इतके ताठ उभे राहता आले नव्हते.

गुरवाला यायला उशीर होत होता. लंकाबाई मधून मधून खिडकीतून आतल्या दिव्याकडे पाहत. दिवा दुधासारखा पांढरा होता. गोकुळ एकदा कपाटाकडे निघाला, तर त्यांनी त्याला पाण्याचे हंडे उतरवायला पिटाळले. दिवा पांढरा होता. बघायचे होते काय?

गुरव आला. झांजा उठल्या. बाळासाहेब खिडकीबाहेर मांडलेल्या खुर्चीचा हात धरून उभे राहिले. लंकाबाईंनी ताट त्यांच्या हातांत दिले, आणि त्यांनी ते घट्ट धरले. पहिली फेरी झाली. दुसरी झाली. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले होते, ते लंकाबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही पाहिले नव्हते. जणू ते कोणालाही न विचारता कुठेतरी जाऊन पोचले होते.

तिसऱ्या फेरीत ध्वनिक्षेपक बंद पडला. वायर निसटली असे समजून लोकांनी गळे चढवले, टाळ्या वाढवल्या. लंकाबाईंनी खिडकीकडे पाहिले. आत काळोख होता. पडद्याआडची घरघर थांबली होती, आणि यंत्र बारीक आवाजात ओरडत होते. झांजांच्या कल्लोळात ते फक्त त्यांनाच ऐकू आले.

बाळासाहेबांनाही कळले होते. नाकात येणारा गारवा थांबला होता. त्यांनी बायकोकडे पाहिले आणि मान हलवली. नको. गप्प राहा.

गोकुळ पिकअपकडे झेपावला. इंजिन सुरू झाले, चार्जरवर लाल ठिपका लुकलुकला. यंत्र मुकेच राहिले. "झोपली, आई!" तो ओरडला. "बॅटरी झोपली! न्हाई उठायची ती हितं!"

तिसरी फेरी पुरी झाली. बाळासाहेबांचे ओठ जांभळासारखे झाले. ताट कलले आणि निरांजनाची ज्योत आडवी झाली. पुन्हा त्यांनी मान हलवली, या खेपेस जोराने. आयुष्यभरात त्यांनी बायकोला घातलेली ती एकच आज्ञा होती.

लंकाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी ताट धरले.

ते सुटेना. म्हाताऱ्याची बोटे काठाला रुतली होती. लंकाबाईंना ती एकेक करून सोडवावी लागली, मेलेल्याच्या मुठीतून काही काढून घ्यावे तशी. सोडवताना त्यांनी नवऱ्याच्या डोळ्यांकडे पाहिले नाही.

"भाऊजी, धरा."

चांगदेव मागे सरकले. "न्हाई, वैनी. ह्यो मान माझा न्हाई. थांबू की, दादाला दम खाऊ द्या—"

"धरा म्हणतीया ना!"

चांगदेवांनी धरले. उरलेल्या दोन फेऱ्या त्यांच्या हातून झाल्या. ते ओवाळत होते आणि रडत होते, आणि अर्ध्या लोकांना वाटले की भक्तीने रडताहेत.

गोकुळने आईला चोरून एक लहान नळकांडे पिकअपच्या सीटमागे दडवले होते. बॅटरी उठेना तसे त्याने ते खेचून काढले, आणि ते तोंडाला लावून बाळासाहेबांना घोडेगावच्या दवाखान्यात नेले. ते वाचले. "वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले. लंकाबाईंनी ते ऐकले आणि त्या बाकावर बसून राहिल्या.

घरी आल्यावर बाळासाहेब चिडले नाहीत. रुसलेही नाहीत. लंकाबाईंनी उठा म्हटले की उठत, कूस बदला म्हटले की बदलत, औषध पुढे केले की गिळत. चांगदेव प्रसादाचा नारळ घेऊन आले. दाराशीच बसून म्हणाले, "दादा, मान तुझाच. मी निस्तं ताट धरलं."

बाळासाहेबांनी नारळ त्यांच्याकडे परत सरकवला. "रीत हाय. आता... तुझं घर." एवढे बोलून ते भिंतीकडे वळले.

समाधान येऊन बॅटरी जागी करून गेला. काही बिघडले नव्हते, असे तो म्हणाला. पुन्हा शंभर टक्के भरली. म्हणाल तिथे जाता येईल. लंकाबाईंनी नवऱ्याला विचारले, लेकीकडे डिंगोऱ्याला नेऊ का? ते भिंतीकडेच पाहत राहिले. नातवंडांची नावे घेऊन पाहिली. उत्तर नाही. त्या घरात शांतता पूर्वीही असे. पण तेव्हा ती लंकाबाईंच्या बोलण्याला वाट करून देणारी असे. आताच्या शांततेत त्यांचाच आवाज त्यांना परका वाटू लागला.

एके दिवशी भरवता भरवता त्यांचा हात थांबला. "बोला की. शिव्या द्या. मी तुमचा जीव वाचीवला, काय चुकलं माझं?"

बाळासाहेबांनी बराच वेळ श्वास गोळा केला.

"दोन राह्यल्या व्हत्या," ते म्हणाले. "तेवढा दम... व्हता माझ्यात."

लंकाबाईंनी घास ताटात परत ठेवला. तेवढा दम होता की नव्हता, हे आता जगात कोणालाच सांगता येणार नव्हते. होता, असे म्हणावे तर आपण त्यांचे सारे हिरावून घेतले. नव्हता, असे म्हणावे तर तेवढेही त्यांच्यापाशी उरू देत नाही.

ताटातला भात थंड होत होता.

"घास घ्या," त्या म्हणाल्या.

त्यांनी निमूट तोंड उघडले.