जायला सात, यायला तेवीस

थोरली विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या कचेरीत अठरा वर्षं काम करत होती. कुठून कुठे किती अंतर, किती तास, सगळं तिला तोंडपाठ. त्यामुळे आईचं धाकटीकडे जायचं तिकीट तिनेच काढायचं हे ओघानंच आलं, आणि जळफळाटही तिच्याच वाट्याला आला.

आईने चष्मा लावून कागद वाचला. सकाळी आठला निघायचं, दुपारी तीनला पोहोचायचं. बोटांवर मोजून ती खूश झाली. धाकटी अवघ्या सात तासांवर आहे हे इतक्या वर्षांत तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

खरं अंतर होतं तेरा हजार किलोमीटर आणि तास पंधरा. धाकटीकडची घड्याळं आठ तास मागे, म्हणून कागदावर सात दिसत होते. थोरलीने सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आईची औषधं, बँक, गुडघ्यांचे डॉक्टर सगळं करायचं हिने, आणि कौतुक मात्र महिन्यातून एक फोन करणारीचं. कळू दे एकदा, पंधरा तास खुर्चीत अवघडून बसल्यावर, लाडकी किती लांब आहे ते. असलं काही मनात आल्याची तिला लाजही वाटली नाही.

पुढे आठवडाभर आई शेजारपाजारी सात तासांचं गुणगान करत फिरली. वर थोरलीलाच ऐकवलं, की तुझ्याकडे यायचं म्हणजे बसची वाट बघा, तीन जिने चढा. तिकडे आपलं एकदा बसलं की झालं. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. वीस मिनिटांवरच्या तिच्या घरी आईने वर्षभरात पाऊल ठेवलं नव्हतं.

मग थोरली परतीचं तिकीट घेऊन आईकडे गेली. सकाळी दहाला निघायचं, दुसऱ्या दिवशी नऊला पोहोचायचं. आईने पुन्हा बोटं मोजली, तेवीसवर थांबली आणि कागद परत केला.

"जायला सात आणि यायला तेवीस? मला नाही झेपणार. मी आपली तिकडेच राहीन."

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिने घड्याळांचा घोळ समजावला. जाताना पंधरा, येतानाही पंधराच.

आईने विचारलं, "तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"मग गप्प का बसलीस?"

"जळते मी तिच्यावर," थोरली म्हणाली. "मी रोज येते ना, म्हणून तुला दिसतच नाही."

आईने चष्मा काढला, पदराने पुसला. परतीचं तिकीट उचलून पर्समध्ये ठेवलं आणि चपला शोधायला लागली. थोरलीने विचारलं, कुठे निघालीस.

"तुझ्याकडे. वीस मिनिटं ना?" आई म्हणाली. "आणि येताना किती, तेही आत्ताच सांग. तुझा काही भरवसा नाही."