सात मजल्यांचा नेम

मी लिफ्टमधली खुर्ची बोलतेय. साधी, लाकडी, चार पायांची. त्यातला एक पाय किंचित आखूड. तो तासताना सुतार कोणाशी तरी गप्पा मारत होता, त्याचं फळ मी आजवर भोगतेय. पण त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली, की मी कोणाचाही भार पेलते.

माझी पहिली नोकरी सात मजली इमारतीच्या लिफ्टमध्ये. लिफ्टवाले काका माझ्यावर बसून बटणं दाबत. माणसं आत आली की एकमेकांकडे न बघता वरच्या आकड्यांकडे टक लावून बघतात, हे मी तिथेच पाहिलं.

एक आजी मात्र कधीच आत आल्या नाहीत. त्यांची लेक सातव्या मजल्यावर राहायची. आठवड्यातून दोनदा हातात डबा घेऊन यायच्या आणि थेट जिन्याकडे वळायच्या.

"या की आत, ताई," काका म्हणायचे.

"नको हो. लेकीकडे पायी चढून जायचा नेम आहे माझा. देवाला बोललेय."

काका हात जोडायचे. हळूहळू इमारतभर कौतुक झालं. 'केवढा निग्रह!' म्हणत शेजारणी आपापल्या सुनांना टोमणे मारू लागल्या. मलाही ते खरंच वाटलं.

पुढे काका निवृत्त झाले, आपोआप चालणारी लिफ्ट आली आणि माझी रवानगी जिन्याखाली, रंगाच्या रिकाम्या डब्यांशेजारी झाली. तिथे धूळ खात पडले, पण खरं काय ते तिथेच कळलं. चढण्याआधी आजी घटकाभर माझ्यावर टेकायच्या. समोर लिफ्टचं दार मिटलं, की त्यांचं अंग थरथरायचं. ती थरथर माझ्या आखूड पायापर्यंत पोचायची. नेम पाळणारं माणूस असं थरथरत नाही.

मग तळमजल्यावर एका डॉक्टरबाईंनी संमोहन उपचारांचा दवाखाना थाटला. मला पुसून, पायाखाली नवी घडी घालून आत नेलं. आणि एके दिवशी आजीच दारात उभ्या! गुडघे पार गेले होते, जिना बंद असं हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि लेकीचं बाळंतपण दीड महिन्यावर आलेलं. मऊ आरामखुर्ची सोडून त्या माझ्यावर बसल्या. "ही ओळखीची आहे," म्हणाल्या.

"पण बाई, मला झोपवून घरातल्या भानगडी तर काढून घेणार नाही ना?"

"संमोहन म्हणजे झोप नाही, काकू. तुम्हाला सगळं ऐकू येईल. नको वाटलं तर डोळे उघडून सरळ उठून जा. आणि भानगडी ऐकायला मला वेळ कुठाय?"

आजी हसल्या आणि हसता हसता रडल्या. "नेमबिम काही नाही हो. दार मिटलं की जीव कोंडतो. बारा वर्षं देवाच्या नावावर भीती खपवली. लोक पाया पडायला लागले, मग खरं सांगणार कोणत्या तोंडानं?"

"जिना चढताना नाव कोणाचं घेत होतात?"

"त्याचंच."

"मग तो बरोबरच होता की."

आजींनी पदराने डोळे पुसले. "हो. तोही बिचारा माझ्याबरोबर धापा टाकत होता!"

मग त्यांनी मूळ सांगितलं: लहानपणी लपाछपी खेळताना त्या कपाटात अडकल्या होत्या. बाहेरून कडी पडली, आणि बाकीची पोरं जेवायला निघून गेली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्ही बाहेर आलात काकू, तुमचं शरीर अजून आतच आहे. त्याला समजावून बाहेर आणू."

मग रोजचा वर्ग. डोळे मिटायचे, अंगठा तर्जनीला टेकवायचा, नाम घेत श्वास सावकाश सोडायचा. अंग सैल पडलं की मनातल्या मनात लिफ्ट बघायची: आधी लांबून, मग उंबऱ्यावरून, मग आतून. छाती धडधडली की एक पाऊल मागे. आणि जे मनात जमलं, ते दुसऱ्या दिवशी खऱ्या लिफ्टपाशी करून बघायचं.

एकदा दुसऱ्या मजल्यावरून घामाघूम होऊन परतल्या. "नाही जमायचं मला."

"आज पहिल्यावर उतरायचं ठरलं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही दुसरा गाठलात!"

लेक बाळाला घेऊन घरी आली त्या सकाळी आजी म्हणाल्या, "खुर्ची बरोबर घ्या." किती वर्षांनी मी पुन्हा लिफ्टमध्ये! आजींनी माझ्यावर बसून सातचं बटण स्वतः दाबलं. दार मिटलं. अंगठा तर्जनीला टेकला. मी वाट पाहत राहिले, पण माझा आखूड पाय हलला नाही.

सातव्यावर दार उघडलं. समोर लेक, कुशीत इवलंसं गाठोडं.

"आई! लिफ्टने? आणि तुझा नेम?"

"फिटला," आजी म्हणाल्या, आणि दोन्ही हात पुढे केले.

आता मी दवाखान्यातच असते. कोणी उंचीला भितं, कोणी पालीला, कोणी सुईला. आणि जो तो त्या भीतीला भलतंच गोंडस नाव देऊन येतो. येऊ दे. माझं एवढंच मागणं आहे: खुशाल टेका, खरं ते बोला, पण इथे घर करू नका.

परवा आजी नातीला घेऊन लिफ्टने खाली उतरल्या. दारातूनच डॉक्टरबाईंना हाक मारली, माझ्या पाठीवर थाप दिली आणि न बसताच निघून गेल्या. कोणी बसलं नाही म्हणून खुर्चीला आनंद व्हावा, असं पहिल्यांदाच झालं.