नवा कोरा कंटेनर

राजदीपने तिसऱ्यांदा यादी उघडली. पडद्यावर सगळे हिरवे होते, सगळे सुरू होते, आणि बाबांच्या एकेचाळीस गाण्यांच्या जागी काहीच नव्हते.

ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये टीव्हीखाली मांडलेले, एकमेकांना जोडून एकत्र चालवलेले तीन जुने संगणक म्हणजे त्याचा क्लस्टर. वीजकेंद्रातली ड्यूटी सांभाळून, व्हिडिओ बघून बघून त्याने तो उभा केला होता. एक कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारा डबा, बंद पडला की दुसरा आपोआप उभा राहतो, याचे त्याला कोण कौतुक! बाबा गेल्यावर त्यांनी खंजिरीवर गाऊन जुन्या फोनवर रेकॉर्ड केलेली भीमगीते त्याने त्यातच ठेवली आणि तो फोन पुसून एक्सचेंजमध्ये देऊन टाकला. आज सुट्टी म्हणून सकाळी मोठ्या हौसेने गाण्यांच्या प्रोग्रॅमचे नवे व्हर्जन चढवले होते.

त्याने नागपूरच्या मित्राला, प्रफुलला फोन लावला. प्रफुलची नोकरीच सर्व्हर सांभाळायची.

"गाणे डिस्कवर वेगळे ठेवले होते ना बे?"

"कंटेनरमधीच होते."

"मंग गेले. नवा कंटेनर कोराच येते. बॅकअप?"

राजदीपने पडद्यावरची यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत सरकवली.

"तुले बोललो होतो मी. घरच्या कामाले हे लफडं कायले? आन कराचंच असन तं आधी सर्व्हर सांभाळाले शीक."

"आपोआप चालते म्हनत होते सगळे."

"चालूनच तं राह्यलं," प्रफुल हळूच म्हणाला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्याची आई बायनाबाई टॅब घेऊन आल्या.

"गाणं काऊन लागून नाई राह्यलं रे?"

त्याने सांगितले. अडखळत, पण सगळे सांगितले. "माह्याच हातानं गेलं, माय."

त्या दिवाणावर बसल्या. टॅब पदराने पुसत राहिल्या.

"शेवटच्या गाण्यातलं बी गेलं?"

"काय होतं त्यात?"

"गाणं सरल्यावर पानी मांगलं होतं त्यायनं. 'बायना, पानी आन,' म्हनले. जलमभर 'राजूची माय'च म्हनत होते. नाव एकदाच घेतलं. मी रोज तेच आयकत होती. आता आठवून पाह्यतो तं माह्याच आवाजात येते. तू तं आयकलं असशीन. कसे म्हनले होते, सांग बरं."

राजदीपने एकेचाळीस गाणी चढवली होती. एकेकाला नाव दिले होते, तारीख दिली होती. एकही गाणे शेवटपर्यंत ऐकले नव्हते.

"आयकलं होतं ना, माय," तो म्हणाला, आणि त्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.