सतरा नंबरचा पाना

बाबांना त्या संग्रहालयात मीच नेलं, म्हणजे चूक माझीच. जुन्या धावपट्टीच्या कडेला, 'हाययान' विमान कंपनीच्या हँगरमध्येच ते थाटलंय. बाबांनी तिथे अकरा वर्षं विमानं दुरुस्त केली. वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले, पण त्या दिवशी सकाळीच दाढी करून इस्त्रीचा सदरा घालून बसले. मी सीताफळांची गाडी शेजारणीच्या हवाली केली आणि आम्ही तैतुंगहून बस धरली.

"सुपारी थुंकून या काका," दारातला माणूस म्हणाला. "आत सोय नाही."

चाळिशीचा असेल. त्याच्या गळ्यातल्या पट्टीवरचं नाव मी वाचलं. निए चोंग-युआन. निए वैमानिकाचा मुलगा. मी बाबांची बाही ओढली.

"चला परत."

"तिकीट काढलंय ना? मग बघू की," बाबा म्हणाले.

तीस वर्षांपूर्वी निए वैमानिकाचं विमान लान्-यू बेटाकडे जाताना समुद्रात पडलं. सात माणसं गेली. विमान सापडलंच नाही, त्यामुळे पुरावा काय, तर भिंतीतला एक खिळा. हँगरमध्ये फळीवर चोवीस हत्यारं टांगलेली असायची. हत्यार घेतलं की त्याच्या खिळ्यावर आपल्या नावाचा पितळी बिल्ला लावायचा, परत टांगलं की बिल्ला काढायचा. अपघातानंतर सतराव्या खिळ्यावर पाना नव्हता, बाबांचा बिल्ला होता. मोठे इंजिनियर फेई साहेब चौकशीत म्हणाले, जिएन, म्हणजे बाबा, पाना विमानातच विसरला, तो शेपटीच्या तारेत अडकला. बाबा सांगून सांगून थकले की पाना मी माझ्या हाताने टांगला, आणि ती तार बदला म्हणून फेई साहेबांना दोनदा लिहूनही दिलं होतं. ऐकतो कोण? चोर सोडून संन्याशाला फाशी. दीड वर्ष तुरुंगवास झाला. शाळेत मला 'पान्याची पोर' म्हणायचे.

तरी दरवर्षी पितरांच्या दिवशी बाबा निएच्या रिकाम्या थडग्यावर उदबत्त्या लावायला जायचे. निएची बायको त्या उपटून फेकायची. पुढच्या वर्षी बाबा पुन्हा जायचे. मी चिडायचे, म्हणायचे, लाज कशी वाटत नाही तुम्हाला? ते नुसते चपला घालायचे.

आता तिचा मुलगा आम्हाला वडिलांचा फोटो दाखवत होता. "एका मेकॅनिकचा हलगर्जीपणा. सतरा नंबरचा पाना. जिएन हुओ-तू नाव त्याचं. आई मरेपर्यंत रोज त्या नावाने बोटं मोडायची."

बाबा हात मागे बांधून ऐकत होते.

पुढच्या भिंतीवर फळी होती. "ही परवाच आलीय," निए म्हणाला. "फेई साहेब गेल्या वर्षी वारले. सुनेला माळ्यावर पेटीत ही हत्यारं सापडली. मीच घासूनपुसून टांगली. चोवीसच्या चोवीस."

"मोजा बरं," बाबा म्हणाले.

म्हाताऱ्याची हौस म्हणून तो हसत हसत बोट लावून मोजायला लागला. सतरावर बोट जरा थांबलं, मग पुढे गेलं.

"कंपनीने नंतर नवा घेतला असेल," तो म्हणाला.

"त्याचा जबडा एका अंगाने घासलेला आहे. तारेमागे पोचावा म्हणून मीच कानशीने घासला होता. चौकशीच्या कागदात तसं लिहिलंय, तुम्हाला तर पाठ असेल. मी जिएन हुओ-तू."

निएने पाना काढला. अंगठा जबड्यावरून फिरवला. कितीतरी वेळ फिरवत राहिला.

"बोला की आता," मी म्हटलं. "इतका वेळ तोंड बरं चालत होतं."

"आ-ल्वान, गप बस."

"आई गेली," निए म्हणाला. "फेई साहेबही गेले. आता याचं मी काय करू?"

"काही करू नका. फक्त माझं नाव घेऊन ते सांगता ना, ते सांगू नका."

निएने मान डोलावली. तेवढ्यात शाळेची बस आली आणि तो लगबगीने दाराकडे गेला. आम्ही बाहेर बाकावर बसलो. बाबांनी नवी सुपारी तोंडात टाकली. मला वाटलं, सुटलो एकदाचे. बाबांचे हात मांडीवर सैल पडले होते, तसे मी कधी पाहिले नव्हते.

मग आतून त्याचा आवाज आला. तोच सूर, तेच शब्द. जिएन हुओ-तू.

मी तशीच आत धावले. मुलं फळीपुढे दाटीवाटीने उभी होती. फळीवर तेवीस हत्यारं होती आणि सतरावा खिळा रिकामा होता.

"आणि तो पाना," निए मुलांना सांगत होता, "आजवर सापडलेला नाही."

त्याचा उजवा हात कोटाच्या खिशात होता. त्याने मला पाहिलं. नजरही वळवली नाही मेल्याने.

बाबा भिंतीला धरत धरत माझ्यामागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी खिळ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले, तर माझा दंड धरला.

"या वेळी माझा बिल्ला नाही लावला," ते म्हणाले. "चल, बस चुकेल."