अस्तराखालचं पत्र

त्या पत्राचं उत्तर बाइंडरकाकांनी दिलं नाही, याला बत्तीस वर्षं झाली. पत्र चार ओळींचं होतं. लिहिणारी अकरा वर्षांची, त्यांच्या दादाची मुलगी. घरात तिला मुंगी म्हणत, कारण ती कधी आली नि कधी गेली, कुणाला कळतच नसे.

पोस्टमनने ते दुकानात आणून दिलं तेव्हा काका दादाच्याच शब्दकोशाची बांधणी करत होते. पत्र वाचून होतंय न होतंय, तोच दादा दारात हजर.

"झाला का रे कोश? आणि ते काय वाचतोयस?"

"काही नाही. गिऱ्हाइकाचं आहे."

डोकं चालेना, पण हात चालले. त्यांनी पत्र पुठ्ठ्यावर ठेवलं, त्यावर खळ लावलेला अस्तराचा कागद ओढला, तळव्याने सपाट केला आणि कोश दाबाच्या शिकंज्यात आवळला. दादा गेला की ओलं आहे तोवर काढून घेऊ, असं मनाशी म्हणाले. दादा दहा मिनिटांत गेला. संध्याकाळपर्यंत वेळ होता. सकाळी खळ वाळली होती, आणि खरं सांगायचं तर काकांना सुटल्यासारखं वाटलं. चौथ्या दिवशी कोश दादाच्या घरी गेला. पत्र जिथून आलं होतं, तिथेच जाऊन फळीवर उभं राहिलं.

उत्तर द्यायचं म्हणजे दादासमोर उभं राहायचं. वडिलांमागे दादानेच काकांना वाढवलं होतं, पट्टा खुंटीला अडकवून. अडतिसाव्या वर्षीही दादाचा आवाज चढला की काकांची सुई थांबायची. "आपण नाही का मार खाल्ला? बिघडलो का?" दादा विचारायचा, आणि काका मान हलवायचे. मुंगीचं तर सगळे कौतुकच करत. किती गुणी पोर, हट्ट नाही की दंगा नाही! सहा वर्षांची असताना हीच पोर दुकानातल्या टेबलावर उभी राहून गाणी म्हणायची, हे कुणाला आठवत नव्हतं. काकांना आठवत होतं.

दादा यंदा वारला, आणि दोन महिन्यांनी मुंगी दुकानात आली. हातात तो कोश, सोबत तिची आठ वर्षांची मुलगी.

"काका, येऊ आत? कामात असाल तर नंतर येते."

"ये गं, विचारायचं काय त्यात!"

"बसू?"

मुलगी तोवर स्टुलावर चढून शिकंज्याचा दांडा फिरवत होती. "आजोबा, यात बोट घातलं तर चपटं होईल?"

"होईल की."

"मग तुमचं नाक कधी घातलं होतं?"

काका हसले. तेवढ्यात तिचा कोपर लागून खळीचा डबा उपडा झाला. दचकली ती मुलगी नव्हे, आईच. मुंगीचे खांदे कानापर्यंत गेले, जणू डबा तिच्याच हातून सांडला होता.

"अय्या, सांडलं माझ्याकडून! फडकं कुठाय?" मुलगी म्हणाली.

मुंगीने खांदे सैल सोडले. मग खाली बसली. "असू दे. दोघी मिळून पुसू."

पोर फडकं धुवायला नळावर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "हिला कधी मारलं नाही, काका. पण दर वेळी मनात आकडे मोजावे लागतात. हात शिवशिवतो ना, तेव्हा तो माझा वाटतच नाही. बाबांचा वाटतो."

काका कोशाच्या सुटलेल्या पुठ्ठ्याकडे बघत होते.

"हिला हवाय हा, नीट करून द्याल? आणि काका... लहानपणी मी तुम्हाला एक पत्र टाकलं होतं. पोचलं नसेलच. पोचलं असतं तर तुम्ही आला असतात. पत्ता मीच चुकवला असणार. बाबा म्हणायचेच, हिला एक काम धड जमत नाही."

आजही त्यांनी मान हलवली, पोचलं नसेल, अशी.

त्या दोघी गेल्यावर त्यांनी अस्तर ओलं केलं आणि सुरीच्या टोकाने अलगद सोडवलं. शाई फुटली होती, तरी अक्षर लागत होतं: 'काका, मला तुमच्याकडे ठेवून घ्या. मी आवाज करत नाही. कोपऱ्यात झोपेन. बाबांना सांगू नका.'

मग त्यांनी कोरा कागद घेतला.

'मुंगी, तुझा पत्ता बरोबर होता. पत्र पोचलं, त्याच दिवशी वाचलं. मी दादाला भ्यालो आणि ते त्याच्याच कोशात चिकटवून टाकलं. तुझ्याकडून काहीही चुकलं नव्हतं. चुकलो मी. आज तू विषय काढलास, तेव्हाही मान हलवून खोटं बोललो. तुझं पत्र सोबत ठेवलंय. पुन्हा दुकानात यावंसं वाटलं नाही, तर मी समजून घेईन.'

कोशाला नवं अस्तर लावायचंच होतं. खळ कालवून तयार होती. हे पत्रही त्याखाली ठेवलं तर? कधीतरी सापडेलच की तिला. कागद पुठ्ठ्यावर टेकला, वरून अस्तर आलं, आणि आपला तळवा काय करायला निघालाय ते बघून काकांना स्वतःचीच किळस आली.

त्यांनी पत्र बाहेर काढलं. कडेला खळ लागली होती, ती तशीच राहू दिली. दोन्ही कागद पाकिटात घातले, पत्ता लिहिला, पुन्हा एकदा तपासला. दुकान उघडंच टाकून ते कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले. पाकीट अर्धं आत, अर्धं बाहेर, असे उभे राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, "आजोबा, टाकताय ना?"

"हो," काका म्हणाले, आणि त्यांनी ते सोडलं.