आधी सांगायचं असतं

फुस्स.

बाथरूमच्या बंद दारामागून एवढासा आवाज आला आणि सुट्टीच्या दुपारची निपचित पडलेली शांतता मोडली.

ती पलंगावर बसून लेकीच्या फ्रॉकांच्या घड्या घालत होती. लेकीला सगळे चिमणीच म्हणत. जेवताना चिमणीने बाबांच्या ताटात पाण्याचा पेला उपडा केला होता, तेव्हा तिने लेकीला नेहमीचा प्रश्न विचारला होता, चुकून की मुद्दाम? या घरचा तो कायदाच होता. चुकून झालं तर पुसायला आई मदत करते, मुद्दाम केलं तर एकटीने पुसायचं. चिमणीने बराच विचार करून "थोडं थोडं" असं सांगितलं आणि नवरा खो-खो हसला. मग पोर एकदाची झोपली. नवऱ्याने डोळ्यांनीच विचारलं, तिनेही डोळ्यांनीच हो म्हटलं. लहान मूल असलेल्या घरात नवराबायकोला अशी एखादी दुपार मिळाली तर मिळाली.

फुस्स, फुस्स.

तिच्या हातातला फ्रॉक हातातच राहिला. हा आवाज तिने झोपेतही ओळखला असता. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती आणि हिरडी बधिर करायचा फवारा दिवसभर तिच्याच हातात असे. तिथल्या डॉक्टरीणबाईंचा दंडक होता, खुर्चीत पोर असो की म्हातारं, आधी सांगायचं, मगच फवारायचं. आता इथे बधिर होईल, थोडा वेळ काही कळणार नाही, गाल चावू नका. एकदा घाईत तिने सांगायच्या आधीच बटण दाबलं, तर बाईंनी पेशंटसमोर तिला माफी मागायला लावली होती.

बधिर. शब्द मनात आला आणि तिने फ्रॉक बाजूला ठेवला.

कित्येक महिने हेच चाललं होतं. नवरा जवळ आल्यावर आधी जराशी चुरचुर, मग काहीच नाही. आपलं अंग आपलं नसल्यासारखं. ताईला विचारलं, तर ती म्हणाली, बाळंतपणानंतर शरीर रुसतं गं, येईल वळणावर. चिमणी आता शाळेत जायला लागली होती, आणखी किती रुसायचं? नवऱ्यालाही तिने सांगितलं होतं, लाजत, अंधारात. तो म्हणाला होता, तुझं लक्षच नसतं हल्ली, दाखवून ये कुणाला तरी. म्हणून बायकांच्या डॉक्टरकडे मंगळवारची वेळ घेतली होती. त्या डॉक्टरसमोर काय आणि कसं बोलायचं, हे ती भांडी घासताना मनात घोकत होती.

तिने दार ठोठावलं. ते उघडलं तेव्हा नवऱ्याचा एक हात पाठीमागे होता आणि चेहरा चोरून दूध प्यालेल्या मांजराचा.

"दाखव," ती म्हणाली.

छोटीशी बाटली होती. मेडिकलमधूनच आणलेली, नीट लेबल असलेली. तसल्याच बधिर करणाऱ्या औषधाची, जवळीक लवकर संपू नये म्हणून पुरुषांनी आधी लावायची. खोक्यात माहितीचा कागद होता, कंपनीने घातलेली घडीसुद्धा न मोडलेला.

तो सांगू लागला. लाज वाटायची, म्हणाला. आणि तुझ्यासाठीच तर करत होतो.

"माझ्यासाठी?" तिचा आवाज अजून खालीच होता. "मग मला काही कळत का नव्हतं?"

तिने कागद उलगडला आणि एकेक ओळ त्याच्या तोंडावर मारली. लेबलवर लिहिलंय तेवढंच मारायचं, सुरुवातीला त्याहूनही कमी. कातडीला चीर किंवा पुरळ असेल तर लावायचंच नाही. सांगितलाय तेवढा वेळ थांबायचं आणि जवळ जायच्या आधी ओल्या फडक्याने पुसून, धुऊन टाकायचं, नाहीतर समोरच्या माणसालाही बधिरपणा येतो. निरोध वापरला तर आणखी बरं. जळजळ झाली तर बंद करायचं आणि डॉक्टरला विचारायचं. आणि जोडीदाराला ठाऊक असू द्यायचं, हे कागदावर नव्हतं, ते तिने स्वतःचं घातलं.

"एवढं सोपं होतं," ती म्हणाली. "सांगितलं असतंस तर मी नको म्हटलं नसतं. मीच फडकं ओलं करून दिलं असतं."

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तिने तेही सोडलं नाही. लिफ्ट बंद करायच्या आधी प्रत्येक मजल्यावर पाटी लावत फिरतोस, कुणी अनोळखी माणूस अडकायला नको म्हणून, आणि बायकोला पाटी नाही?

तो खाली बघत पुटपुटला, "पहिल्यांदा खरंच सांगायचं राहून गेलं. मग तू म्हणायला लागलीस की तुझ्यातच काहीतरी बिघडलंय. तेव्हा मला..."

"सोयीचं पडलं."

त्याने मान डोलावली.

"मंगळवारी मला तपासायला पाठवत होतास तू." आता तिचा आवाज चढला. "टेबलावर पाय वर करून निजले असते मी. आणि तू संध्याकाळी विचारलं असतंस, काय म्हणाले डॉक्टर?"

बाटली तिने बेसिनमध्ये आपटली. फुटली नाही. गडगडत गेली आणि खालच्या भोकाच्या जाळीपाशी अडकली. तो ती उचलायला वाकला, तेव्हा तिला त्याची मान दिसली, उन्हाने रापलेली, ओळखीची, आणि तिला आणखीच राग आला.

दारात चिमणी उभी होती. केस विस्कटलेले, बगलेत बाहुली. दवाखान्यात आईबरोबर बसून बसून ती बाहुलीचे दात काढायची आणि दर वेळी आधी तिच्या कानात सांगायची, घाबरू नको हं, बधिर करते आता.

"तू ओरडलीस," चिमणी म्हणाली.

तिने लेकीला उचलून घेतलं. तिच्या मानेला झोपेचा ऊबदार वास येत होता. काहीतरी सांगायला हवं होतं, आणि खोटं सांगायचं नव्हतं. आजपुरतं या घरात तेवढं खोटं पुरे होतं.

"बाबांनी एक औषध वापरलं," ती म्हणाली, "आणि मला सांगितलंच नाही."

"पण आधी सांगायचं असतं."

"हो."

चिमणीने बेसिनशी वाकलेल्या बाबांकडे पाहिलं. तो हातातली बाटली नळाखाली धूत होता, पुन्हा पुन्हा, मान वर न करता. मग तिने आईची हनुवटी दोन्ही हातांत धरून स्वतःकडे वळवली.

"आई, बाबांनी चुकून केलं की मुद्दाम?"