आलं निघेपर्यंत

१९६१ साली गुंडेरावांनी उदगीरजवळच्या गावातला आपल्या वाटणीचा तुकडा विकला आणि राज्याच्या सीमेपलीकडे चिटगुप्प्याच्या शिवारात त्याच्या दुप्पट रान घेतलं. त्यांच्या बायकोला, विमलबाईंना, हे मुळीच पसंत नव्हतं.

"परमुलखात न्यायलाव मला," गाडीत भांडी भरताना त्या म्हणाल्या.

"परमुलूख कशाचा? मागं दोनी गावं एकाच राज्यात हुती. मधी रेघ ओढली म्हनून माती बदलती व्हय?"

माती तीच होती. पण शेजारच्या रानातली सिद्धव्वा फक्त कन्नड बोलायची आणि विमलबाईंना त्यातलं अक्षर येत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्या तिच्यासाठी तांब्याभर ताक घेऊन गेल्या. सिद्धव्वा हात हलवत म्हणाली, "ब्याड, ब्याड."

विमलबाई तांब्या घेऊन तरातरा परतल्या. "मला याड लागलंय म्हनती ती. आता तिच्या बांधाला पाय लावायची न्हाई."

पंधरा दिवस अबोला चालला. सिद्धव्वाला तो कळलाही नाही, कारण बोलणं तसंही होत नव्हतं. शेवटी तिचा नवरा शिवशंकरप्पा, ज्याला दोन्ही भाषा येत, बांधावर भेटला तेव्हा विमलबाईंनी त्याला जाब विचारला. तो पोट धरून हसला.

"अक्का, ब्याड म्हंजे नको. सोमवार हुता, तिला उपास हुता."

विमलबाई ओशाळल्या, मग त्याही हसल्या. त्या दिवसापासून दोघींची एकमेकींकडे शाळा सुरू झाली. सिद्धव्वाने शब्द दिले, तसं आल्याचं बेणंही दिलं. तिच्या विहिरीजवळ आंब्यांच्या सावलीत दोघींनी मिळून वाफे लावले.

इकडे गुंडेरावांच्या विहिरीला खडक लागला. उन्हाळाभर फोडला, पाण्याचा पत्ता नाही. ज्यांनी हौसेने आणलं त्यांचंच मन आता उडालं. तेवढ्यात विमलबाईंचा थोरला भाऊ हरिबा आला. "माझं रान करा वाट्यानं, चला माघारी," म्हणाला. गुंडेरावांनी लगेच गाडीच्या चाकांना वंगण दिलं.

विमलबाई वाफ्यातून उठल्याच नाहीत.

"दादा, आलं जमिनीत हाय. ते काढल्याबिगर मी हलत न्हाई."

"आल्यापायी थांबतीस?"

"आल्यापायी बी थांबते. आन् दर येळेला ह्यांनी म्हनायचं नि म्या गाडीत बसायचं, हे बी आता बास."

संध्याकाळी गुंडेरावांनी गाडीचे बैल सोडले. हरिबा दोन दिवस पाहुणचार घेऊन एकटाच गेला.

आलं पौषात निघालं, चांगलं निघालं. पुढच्या उन्हाळ्यात शिवशंकरप्पाने आपली माणसं दिली, आणि खडकाखाली पाण्याचा झरा सापडला. गुंडेराव विहिरीत उतरून गुडघाभर पाण्यात उगाचच उभे राहिले, बराच वेळ.

त्यानंतर मुलं झाली, ती कन्नड शाळेत शिकली. १९८७ला मंडल पंचायतीच्या निवडणुकीत विमलबाई उभ्या राहिल्या. सिद्धव्वा गुडघेदुखी विसरून त्यांच्यासोबत दारोदार फिरली. भाषण अर्धं कन्नड, अर्धं मराठी झालं. लोक हसले, आणि मतंही त्यांनाच दिली.

गुंडेरावांना कन्नड शेवटपर्यंत आलं नाही. ते सगळ्यांशी मराठीत बोलायचे, लोक कन्नडात उत्तर द्यायचे. फार अडलं तर ते म्हणायचे, "थांबा जरा, मेंबरबाईंला बोलवतो."